दुसरी तोरडी

चूळ भरून थुंकणं माणसाला शिकवावं लागत नाही. पण त्या मंगळवारी पहाटे साडेपाचला शेषेराव सरांच्या तोंडातलं पाणी थुंकायच्या आधीच डाव्या कोपऱ्यातून ओघळलं आणि बनियनवर उतरलं. सरांनी पुन्हा चूळ भरली. पुन्हा तेच. मग त्यांनी न्हाणीतल्या आरशात पाहिलं. उजवा गाल त्यांचा होता. डावा कुणीतरी दोरी सोडून दिल्यासारखा खाली आला होता, आणि डावा डोळा मिट म्हटलं तरी मिटत नव्हता.

तारामती देवघरात होती. नवरात्राची पाचवी माळ. अखंड दिव्यात तेल घालता घालता तिने वळून पाहिलं, तर नवरा दारात उभा.

"अहो, हे काय करून राहिलात तोंडाचं?"

सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही कुणाची नक्कल केली नव्हती, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. तिने तेलाची बुधली खाली ठेवली.

"हात वर करा. हां. आता दुसरा. चाला बरं तिथवर."

हात वर गेले, पाय चालले. वारं गेलं होतं ते फक्त तोंडावरून. तारामतीचा जीव जरा खाली बसला, आणि तो खाली बसतो न बसतो तोच दुसरा विचार वर आला. तो तिने कुणाला सांगितला नाही. विचार असा होता की आज आता हे बोलणार नाहीत.

नऊ वाजता टाऊन हॉलच्या मैदानावरून मुंबईची वाहिनी थेट कार्यक्रम दाखवणार होती. भूकंपाला दहा वर्षं झाली होती. लातुरात त्या दिवशी टीव्हीवर दिसायची इच्छा नसलेला माणूस शोधावा लागला असता. पण पहिली खुर्ची शेषेराव सरांची, यावर कुणाचा वाद नव्हता. सरांच्या शिकवणीच्या क्लासच्या प्रत्येक फलकावर एकच फोटो होता. चिखलाने माखलेले तरुण सर, मांडीवर सात वर्षांची पुतणी पुनम, आणि खाली ओळ: 'ज्या हातांनी जीव वाचवला, तेच हात भविष्य घडवतात.'

हात त्यांचे नव्हते. ते नासिरचे होते. नासिरचं गॅरेज तेव्हा सरांच्या भाड्याच्या खोलीसमोर होतं. त्या पहाटे जमीन हलली आणि सरांचं तेरणाकाठचं गाव बसलं असं कळलं, तेव्हा नासिरनेच राजदूतला किक मारली, मागे ट्रकचा जॅक बांधला आणि त्या जॅकच्या मागे सरांना बसवलं. माळवदाची तुळई बोट बोट वर उचलत चार तासांनी त्याने पोरीला बाहेर काढलं. मरणातून निघालेलं लेकरू जमिनीवर ठेवायचं नाही, आधी रक्ताच्या माणसाच्या मांडीवर द्यायचं, हे नासिरला त्याच्या आईने शिकवलेलं. "घ्या सर, तुमची अमानत," म्हणाला आणि दिलं. पेपरवाला त्याच मिनिटाला तिथे पोहोचला. सर खोटं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, तेव्हा दुरुस्त मात्र केलं नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर नासिर ते हसून विसरला असता. पण तिसऱ्या दिवशी बंदोबस्तवाल्यांनी त्याला त्याच ढिगाऱ्यावर धरलं. जवळ जॅक, खिशात चांदीची एक तोरडी. मढ्यांच्या अंगावरचं काढून नेणारे तेव्हा खरंच फिरत होते. "सर मला ओळखतात," नासिर म्हणाला. सरांना बोलावलं. सरांबरोबर तो पेपरवालाही होता, आणि पेपरात सरांचा फोटो होता.

"तोंडओळख आहे," सर म्हणाले. "गाड्या दुरुस्त करतो."

नासिर दोन रात्री आत राहिला आणि तीन आठवडे नीट बसू शकला नाही. गल्लीने त्याला नाव दिलं, 'तोरडीवाला'. ते दहा वर्षं पुरलं.

आता त्याच्या लेकीला, तूबाला, नांदेडहून स्थळ आलं होतं. मुलगा मुज्तबा, बापाचं चष्म्याचं दुकान. सगळं जमलं आणि कुणीतरी तिकडे ते नाव पोहोचवलं. आठ दिवसांपूर्वी नासिरची बायको अमीरबी या घरी आली, पाण्याचा पेला हातात न घेता उभी राहिली आणि म्हणाली, "सर, टीव्हीवर जाऊन राहिलात म्हणं. एकच बोला. तो माणूस चोर नव्हता. बस." सर म्हणाले, बोलतो. नांदेडकरांना तिने निरोप धाडला: मंगळवारी नऊ वाजता टीव्ही लावा, मग काय ते ठरवा.

या वचनाची खबर घरात तारामतीला होती आणि रामलिंगला. दोघांनाही ते वचन नको होतं. आता देवाने परस्पर मिटवलं, असं वाटून तारामतीने दिव्याला हात जोडले, आणि हात जोडताना स्वतःचीच तिला जरा लाज वाटली.

*

रामलिंग हा धाकटा भाऊ. नांदेडची शाखा तो सांभाळायचा, आणि सांभाळताना माणसांचे दोनच प्रकार करायचा, आपल्या फलकावरचे आणि दुसऱ्याच्या फलकावरचे. काल संध्याकाळी तो पुनमला घेऊन लोहा–अहमदपूर करत जीपने आला होता, खास शिवलेला सफारी घेऊन. दादाचं तोंड पाहिल्यावर त्याला आधी भीती वाटली. ती खरी होती. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, लकवा नाही, गोळ्या घ्या, डोळ्यावर पट्टी ठेवा, फुगे फुगवा, तीन आठवड्यांत सुधारेल. भीती गेली. सफारी राहिला.

"उदगीरला एक जण कबुतराचं रक्त चोळतो, दादा. आपल्या गुरुपादप्पाचं तोंड सात दिवसांत—"

"रामकाका!" पुनम म्हणाली. ती महिन्याभरापासून नांदेडच्या मेडिकल कॉलेजात होती, आणि महिन्याभरात तिला माहीत झालेल्या नसांमध्ये नेमकी ही नव्हती. त्यामुळे ती जास्तच चिडलेली.

सात वाजता वाहिनीच्या बाईंचा फोन आला. रामलिंगने घेतला. आठपर्यंत माणूस खुर्चीत पाहिजे, सर नसतील तर मुलगी चालेल, सोबत घरचं कुणी; आठनंतर जागा दुसऱ्याला जाईल. दुसरा कोण, हे त्याने विचारलं नाही. औसा रोडवर नवा क्लास काढलेला माणूस कालपासून मैदानावर घिरट्या घालत होता, हे त्याला ठाऊक होतं.

"पुनम, तयार हो. मी येतो संगं. दादा, तुम्ही आराम करा. मी बोलतो व्यवस्थित."

सरांनी मान हलवली. नाही.

"न्हाई काय? वाहिनी रोज येती का? दहावं वरीस रोज येतं का?"

सरांनी प्रश्नपत्रिकेचा एक पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'मी. नाहीतर कोणी नाही.'

"वहिनी, तुमी तरी सांगा."

तारामती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरीला जाऊ द्या की. तिनं चार शब्द बोलावं, घरी यावं. जुनंच. नवं काही नगं."

'जुनंच' हा शब्द तिने जरा जोरात म्हटला. पुनमने तो उचलला. हुशार पोरी घरात असण्याचा हा एक तोटा असतो. त्या शब्द उचलतात.

"जुनंच म्हणजे? नवं काय आहे?"

रामलिंगने घड्याळाकडे पाहिलं. दिव्याची वात तडतडली. सरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं, कागद बाजूला सारला आणि तोंडानेच बोलायला लागले.

पुनमला ते ऐकणं सोपं नव्हतं. ओठ मिटून काढायचा प्रत्येक शब्द वाऱ्यासारखा बाहेर पडत होता, कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि वर्गात साडेचारशे पोरांना माईकविना ऐकू जाणारा हा माणूस दर वाक्याला टॉवेल लावत होता. पण तोरडी म्हटलेलं तिला कळलं. नासिर म्हटलेलं कळलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिला ढिगाऱ्यातलं फार आठवत नव्हतं. कट्, कट्, कट् असा एक आवाज, आणि "बेटी, डोळे मिटून घे, माती पडतीय" असं कुणीतरी. सत्काराच्या प्रत्येक भाषणात ती सांगायची की तो काकांचा आवाज होता. सांगून सांगून तो काकांचा झाला होता. पण काका तिला कधीच बेटी म्हणाले नव्हते.

आणि दवाखाना आठवत होता. एका पायात तोरडी, दुसरा पाय मोकळा. दोन दिवस ती एकच रडत होती, माझी दुसरी तोरडी, माझी दुसरी तोरडी. आई-बाप गेलेलं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिचं रडणं तोरडीपुरतं होतं. कॉटशेजारी कुणी उंच माणूस बसला होता. "आणतो," म्हणाला होता. पुन्हा आलाच नाही.

"तो माझ्यासाठी गेला होता," ती म्हणाली.

सरांनी मान खाली घातली.

"मग चला ना! मी सांगते टीव्हीवर. आत्ता. रामकाका, किती वाजले?"

"हे बग," रामलिंग म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "तू सात वर्षांची व्हतीस. डोळे मिटून. लोक म्हणतील पोरगीला पढवलं. वर क्लासचं काय व्हईल? नांदेडला सहाशे पोरं हायत. एकेकाच्या बापानं तो फोटो बघून पोरगं धाडलंय."

"त्यांनी फिजिक्स बघून नाही धाडलं?"

"फिजिक्स सगळेच शिकवतात."

सरांनी पुनमचा हात धरला. हळू, एकेक शब्द सोडवत ते म्हणाले, "ते वाक्य मी बोललो होतो. परत मीच घ्यायला पाहिजे. तुझं काम नाही ते."

या ओढाताणीत आठ वाजून वीस मिनिटं झाली. फोन पुन्हा वाजला, रामलिंगने उचलला, "हो... हो... बरं," म्हणाला आणि ठेवला. जागा गेली होती. कुणाला गेली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचा चेहरा तेवढ्यापुरता दादापेक्षा वाकडा झाला.

*

पावणेनऊला नासिर आणि अमीरबी आले, स्कूटरवरून, नव्या कपड्यात. मैदानावर पहिल्या रांगेत बसायचं ठरलं होतं. तिथे सरांची खुर्ची दुसऱ्याला दिलेली पाहून ते तसेच इकडे वळले होते. नासिरने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ग्रीसचे डाग न पडलेला शर्ट त्याला परक्यासारखा दिसत होता.

अमीरबी दारातूनच म्हणाली, "वा सर! काल सांजच्याला तर ठणठणीत होते. आमाला वाटलं, लई झालं तर जीभ फिरवाल. तुमी तर तोंडच फिरवून बसले."

"अमीर," नासिर म्हणाला.

"अमीर काय? दहा साल मी अमीर, अमीरच ऐकून राहिली. बिमारी काय, आजच यायची होती? देव इतका घड्याळ बघून काम करतो का, भाभी?"

तारामती दिव्याकडे वळली, कारण पहाटे तिलाही हेच वाटलं होतं; फक्त तिने त्याबद्दल हात जोडले होते.

सरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. मग दोन्ही डोळे मिटायचा प्रयत्न केला. उजवा मिटला. डावा उघडाच राहिला, बुबुळ वर फिरून नुसता पांढरा, पाणी गळत. अमीरबीने पदर तोंडाला लावला. ढोंग करणारा माणूस दोन्ही डोळे मिटून घेतो, इतका व्यवहार तिला कळत होता.

नासिर पुढे आला. इंजिनाला हात लावतात तसा त्याने सरांच्या जबड्याला हात लावला, कानामागे दाबून पाहिलं.

"तार तुटली न्हाई सर. ढिली झाली. आवळली की बसती." मग हसला. "ट्रकचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ निघतो, तुमचं तोंड का न्हाई निघणार?"

दहा वर्षांत या माणसाने एकदाही शिवी दिली नाही, हे शेषेराव सरांना सगळ्यात जड जायचं. शिवी दिली असती तर निदान थोडी फिटाफिट झाली असती.

नऊ वाजता सगळे टीव्हीसमोर बसले. कुणी कुणाशेजारी बसावं याचा विचार न करता बसले, त्यामुळे रामलिंग आणि अमीरबी एका सोफ्यावर आले. मैदान दिसलं. औसा रोडवाले दिसले, नवा फेटा बांधून. मग निवेदिका म्हणाली, "आपले मुख्य पाहुणे प्रकृतीच्या कारणाने येऊ शकले नाहीत, पण त्यांचं हे छायाचित्र महाराष्ट्र विसरलेला नाही," आणि पडदाभर तो फोटो आला. चिखल, सर, मांडीवर पुनम. "स्वतःच्या हातांनी तुळई दूर सारून पुतणीला बाहेर काढणारे..."

कुणी गेलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, तरी ते सगळं बोललं गेलं. खोट्याला दहा वर्षं चालवलं की ते पायावर उभं राहतं आणि मग त्याला धन्याची गरज उरत नाही.

अमीरबीने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्याच्या घरचा टीव्ही. कुणी अडवलं नाही.

"नांदेडला बघितलं असंल त्यांनी," ती म्हणाली. आवाजात आता धार नव्हती. "पोराची दादी, हुस्ना आपा, टीव्हीसमोरच बसून होती म्हणं सकाळपासून. चला जी, उठा. तूबाला सांगायला पायजे."

सरांनी कागद ओढला. मोठ्या अक्षरात लिहिलं आणि रामलिंगसमोर धरलं: 'जीप काढ. नांदेड.'

"कशाला? हे असं तोंड घेऊन? दादा, डॉक्टर म्हणाले वारं लागू देऊ नका."

सरांनी खालच्या ओळीत लिहिलं: 'नाहीतर एसटीने जातो.'

"मी येते," पुनम म्हणाली.

रामलिंगने मदतीसाठी वहिनीकडे पाहिलं. सकाळपासून ती त्याच्या बाजूला होती, आणि मतं मोजायला तो चुकत नसे. पण वहिनी जागेवर नव्हती.

ती आतल्या खोलीत कपाटासमोर होती. पैठणीची घडी तिने खाली काढली, तिच्याखालचा रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर एक तोरडी होती. चांदी काळी पडलेली, एक घुंगरू चेपलेलं.

पुनमने पाहिलं. दवाखान्यातली एक तोरडी तिच्याकडे होती. बारावीच्या पेपरांनाही ती कंपासमध्ये ठेवून नेलेली. काकूने सांगितलं होतं, दुसरी मातीत गेली.

"वर्षानं पोलिसांनी परत दिली व्हती," तारामती म्हणाली. "तुला दिली असती तर तू विचारलं असतंस, कुठं सापडली. कोणी आणली." एवढंच म्हणून थांबली. नंतर पुतणीकडे न बघता: "तू लई विचारायचीस लहानपणी."

पुनमने तोरडी घेतली. काकूला काही म्हणाली नाही. न म्हणणंही कधी कधी पुढच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. तारामतीने ते ओळखलं आणि मान्य केलं.

"मी पन येनार," तारामती म्हणाली आणि मग देवघराकडे पाहून थबकली. घटाचा दिवा. नऊ दिवस विझू द्यायचा नाही, घर बंद ठेवायचं नाही. शेजारची सरजाबाई माहेरी गेलेली.

तिने तेलाची बुधली उचलली आणि अमीरबीसमोर धरली.

"दर तासाला घाल. वात पुढं सार, पन बोटानं न्हाई, काडीनं."

"मी?"

"मंग कोन? टीव्हीवाली?"

"भाभी, कपाट उघडं टाकलंय तुमी. चावी लटकून राहिली."

"ऱ्हाऊ दे."

अमीरबीने बुधली घेतली. खरं तर ती चोराची बायको म्हणून दहा वर्षं आपल्या गल्लीतून खाली मान घालून गेलेली बाई. आता उघड्या कपाटाच्या आणि पेटत्या दिव्याच्या मध्ये ती राखणीला बसली. रामलिंगला हे सगळं वेडेपणाचं वाटलं, पण त्याने चावी हातात घेतली होती, आणि ती जीपची होती.

"मी येऊ का?" नासिरने विचारलं.

सरांनी मान हलवली. "तू ऐकायला नको," ते कसंबसं म्हणाले. "तुझ्यासमोर सांगितलं तर तू मला वाचवशील."

*

अहमदपूरला स्टँडसमोर डिझेलसाठी जीप थांबली, तेव्हा क्लासचा फलक बरोबर डोक्यावर आला. तरुण सर, सरळ तोंड. खालून पट्टी बांधलेले सर त्याच्याकडे पाहत राहिले. रामलिंगने डिझेल पुरतं भरून होण्याआधीच गाडी काढली. लोहा मागे पडलं तेव्हा पुनम मध्येच म्हणाली, "फुगे आणलेत ना?" आणि सरांनी खिशातून लाल फुगा काढून फुगवायला घेतला. हवा डावीकडून फुस्स करून निघून जाई. तारामती हसली, मग रडली, मग बॅगेतून टॉवेल काढला.

दोन वाजता ते अकरमच्या चष्म्याच्या दुकानात पोहोचले. डोळ्यावर पट्टी पाहून अकरम, मुज्तबाचा बाप, आधी त्यांना गिऱ्हाईक समजला. पुनमने कोण ते सांगितल्यावर त्याने हसरा चेहरा आवरला. "सुबह टीव्हीवर पाहिलं तुम्हाला," तो म्हणाला, "फोटोत." आणि मागच्या घरात नेलं.

तख्तावर हुस्ना आपा बसली होती, अकरमची आई. हाताशी पानाचा डबा. या घरात लग्नं अकरम ठरवतो अशी समजूत होती. समजूत तिनेच पसरवलेली. दारात मुज्तबा उभा होता, आत यावं की जावं हे न कळून.

"बसा," ती म्हणाली. "काय झालं तोंडाला?"

सर बसले नाहीत. लातूरपासून ते वाक्य जुळवत आले होते आणि आता जुळवलेलं सगळं तोंडातून सांडत होतं.

"नासिरला चोर म्हणून धरलं. मला विचारलं. मी म्हणालो, तोंडओळख आहे." टॉवेल. "माझ्या पुतणीला त्याने काढलं. मी नाही. मी बाजूला उभा राहून रडत होतो." टॉवेल. "तोरडी तिची होती. तिने मागितली म्हणून तो परत गेला. मला ठाऊक होतं. तरी म्हणालो."

एक शब्द हवेतच गेला, तसं पुनमने सांगायला तोंड उघडलं. हुस्नाने हात वर केला.

"तू नको बोलू बेटी. त्यांनाच बोलू दे. वेळ लागू दे."

वेळ लागला. चार वाक्यांना जितका लागायला नको तितका लागला. सर थांबले तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती.

"हे टीव्हीवर बोलणार होते?" हुस्नाने विचारलं.

"हो."

"मंग इथं काहून आले? फोन करायचा."

"टीव्हीवर सोपं होतं," सर म्हणाले. "समोर कुणी नसतं."

हुस्नाने पानाचा डबा बंद केला. पुनमने पुढे होऊन दोन्ही तोरड्या तिच्यासमोर तख्तावर ठेवल्या. एक रोज हाताळून चकचकीत, एक काळी. म्हातारीने दोन्ही उचलून शेजारी शेजारी धरल्या, चेपलेलं घुंगरू अंगठ्याने चाचपलं.

"एका पायाची चोरी कोण करतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "चोर असता तर दुसरा पाय पण बघितला असता. इतकं पोलिसाला कळलं न्हाई. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला कळत होतं." मग अकरमकडे वळली. "लातूरला फोन लाव. नासिरला सांग, शुक्रवारी नमाजनंतर आम्ही येऊन राहिलो. तारीख घ्यायला."

दारातून मुज्तबा नाहीसा झाला. आत कुठेतरी भांडं पडलं.

"आणि सर, तुमी," हुस्ना म्हणाली. "इथं चार माणसांत बोलले. ज्या गल्लीत ते नाव पडलं, त्या गल्लीत बोला. शुक्रवारी. आमच्यासमोर. तोंड सरळ व्हायची वाट नका बघू."

चहा आला. सरांनी कप उचलला, आणि चहा कुठून गळेल या विचाराने परत ठेवला. हुस्नाने कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली.

"चांगल्या बाजूनं प्या."

*

रामलिंग आत आलाच नव्हता. जीपच्या बोनेटला टेकून तो उभा होता. तिघं आली तसा त्याने आधी दादाचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. तो आता अर्धाच वाचता येत होता, म्हणून वहिनीकडे वळला.

"काय झालं?"

"शुक्रवारी नासिरच्या गल्लीत खुर्ची लावायची हाय. तू लाव."

"आणि फलक?"

"उतरव," सर म्हणाले. या शब्दाला ओठ फारसे लागत नव्हते. स्वच्छ आला.

रामलिंगने मनातल्या मनात फलक मोजले. नांदेडचे सात, अहमदपूरचा एक, लातूरचे अकरा. औसा रोडवाल्याचा फेटा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तारामतीने तोवर गोळ्यांची पट्टी काढली होती. दुपारची गोळी. सरांनी ती जिभेवर ठेवली, वर पाणी घेतलं, निम्मं पाणी हनुवटीवरून गेलं, आणि तिने ते सकाळपासून सतरा वेळा पुसलं होतं तसं पुसलं.

रामलिंग ते पाहत होता. त्याला एक आशा सुचली.

"गोळ्या लई भारी असतात म्हणं ह्या. समजा शुक्रवारपातूर तोंड सरळ झालं. दादा पुन्हा वर्गावर जातील, मंग हे बोलायची हिंमत व्हनार न्हाई. मंग?"

पुनमने सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे. हा प्रश्न त्यांनी स्वतःला लोह्याच्या पुढे एकदा विचारला होता, आणि उत्तरासाठी फुगा फुगवत बसले होते.

तारामतीने टॉवेलची घडी घातली, जीपचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली, जिथे ती कधी बसत नसे.

"मंग मी सांगीन," ती म्हणाली. "तोरडी माज्या कपाटात व्हती. चल, काढ गाडी. दिव्याजवळ ती बाई सकाळपासून एकटी बसली हाय."